तळाशी उरलेली मेझ्काल

हेमंता,

तू गेल्यापासून माझं सगळे ऐकून घेतात. हीच मोठी पंचाईत झाली आहे.

तुझ्या शोकसभेत मी बोलायला उभा राहिलो. सोसायटीचा हॉल, पंखे गरगरताहेत, मागच्या रांगेत तुझ्या कंपनीतली मुलं गळ्यातली कार्डं खिशात सारून बसलेली. मी म्हटलं, आमचा हेमंत मेक्सिकोत उतरला तेव्हा विमानतळावर तिथला एक मंत्री फुलं घेऊन उभा होता, कारण त्या अख्ख्या देशाची वीजबिलांची यंत्रणा याने बिबवेवाडीत बसून एका रविवारात दुरुस्त करून दिली होती. म्हटलं, आणि सवयीने तुझ्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत तुझा फोटो होता, हार घातलेला. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. तुझ्या साहेबाने तर अशी मान हलवली की जणू तोही त्या मंत्र्याशेजारी गुच्छ धरून उभा होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझी थाप जशीच्या तशी पास झाली आणि मी तिथे, दोनशे माणसांत, एकटा पडलो. (दोनशे म्हणजे सत्तर असतील. बघ, आता हेही मलाच करावं लागतं.)

तुला सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना सांगितलं पाहिजे. आपण दोघं साडू. मी थोरल्या शोभाचा नवरा, तू धाकट्या सुनीताचा. बुधवार पेठेत माझं दुकान, आधी कॅल्क्युलेटर आणि रेडिओचे सुटे भाग, पुढे कीबोर्ड, माउस, केबल. देशाची दारं उघडली तेव्हा त्या दारातून माल माझ्या दुकानात आला आणि त्याच दारातून तू बाहेर पडलास. आधी एका खोलीतल्या कंपनीत, मग हिंजवडीच्या काचेच्या डोंगरात. मी बोलून जगलो, तू गप्प बसून.

तुझा पहिला दिवाळसण आठवतो. सासऱ्यांच्या घरी फराळाची ताटं समोर, आणि मी रंगात आलेलो. सिंगापूरच्या एका व्यापाऱ्याला मी भावात इतकं रडवलं की तो कॅल्क्युलेटरचे वीस खोके फुकट सोडून पळाला, असं काहीतरी चाललं होतं. तू नवा जावई, कोपऱ्यात, मांडीवर ताटली. तू हळूच चार बोटं वर केलीस. सासरे म्हणाले, "काय हवंय जावईबापू, चार करंज्या?" तू अगदी गंभीरपणे म्हणालास, "नाही. नानांनी जे सांगितलं त्याला चारने भागायचंय."

घर हसून हसून आडवं झालं. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मला चैन पडेना. तेव्हापासून रीतच पडली. मी काही सांगितलं की लोक आधी मला ऐकायचे, मग तुझ्या हाताकडे बघायचे. दोन बोटं म्हणजे बरंचसं खरं. पाच म्हणजे नाना आज फॉर्मात आहेत. मी इतका सुटलो तो तुझ्याच जिवावर, हे तुला कधी म्हणालो नाही. ज्याच्या शेजारी असा भागणारा बसलेला असतो, त्याला गुणायला कसली भीती?

कंपनीच्या कामावरून, मेक्सिकोहून, तू सात-आठ महिन्यांनी परत आलास ते सुनीताच्या शालीत गुंडाळलेल्या दोन बाटल्या घेऊन. मी म्हटलं, हेमंता, तिथून लोक काय काय आणतात, तू रॉकेल आणलंस? वास तसाच होता. जळक्या लाकडाचा, ओल्या मातीचा. तू समजावून सांगितलंस, तेही तुझ्या त्या पद्धतीने, म्हणजे एकेक शब्द तपासून. आपल्याकडे हुरड्याची आगटी असते ना, तसा तिथे मोठा खड्डा खणतात, दगड तापवतात आणि घायपाताचे गड्डे त्यात पुरून ठेवतात. तो धूर आत मुरतो. मग गाळतात. ही मेझ्काल.

"घायपात?" मी म्हटलं. "अरे, ते तर खडकवासल्याच्या रस्त्याला बांधाबांधावर पडलंय."

तिथेच माती खाल्ली. पुढच्या रविवारी मी तुला, कुदळीला आणि करवतीला गाडीत घालून खडकवासल्याच्या पलीकडे नेलं. तू वाटभर सांगत होतास की हे घायपात वेगळं, ते वेगळं. मी कशाला ऐकतोय? एका बांधावर मी पानं तोडायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात आपल्या दोघांच्या हातांना अशी खाज सुटली की आपण रस्त्याकडेला उभे राहून एकमेकांच्या कोपरांवर माती चोळत होतो. शेताचा मालक आला. जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काय पुरलंय का हितं तुमचं?" तू म्हणालास, "अजून नाही." तो माणूस इतका हसला की त्याने आपल्याला पंपाखाली हात धुवायला नेलं आणि चहा पाजला.

मी मात्र ही गोष्ट पुढे अशी सांगायचो की शेजारच्या लष्करी प्रबोधिनीतून चाळीस जवान बंदुका घेऊन आले, कारण त्यांना वाटलं आपण धरणाखाली सुरुंग पेरतोय. तू दोन्ही हातांची बोटं वर करायचास आणि म्हणायचास, "नाना, बोटं संपली."

मग घरीच तिचं काहीतरी पेय जमवायचं ठरलं. नुसती मेझ्काल आपल्याच्याने गिळवत नव्हती, खरं सांगायचं तर. तू जिनमध्ये थोडी मिसळून बघितलीस. मग लिंबू घातलंस. मग साखरेऐवजी काकवी, कारण तुझं म्हणणं, गुऱ्हाळाचा धूर काकवीत आधीच असतो. मापाला तुझ्या मुलीच्या लहानपणचं खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं झाकण. बर्फाचं तर विचारायलाच नको. खडकवासल्याचं पाणी तू दोनदा उकळून, निववून, गोठवायचास, म्हणजे बर्फ काचेसारखा होतो म्हणे. मी म्हणायचो, अरे, आपलं पाणी मुळातच इतकं गोड की परदेशात बाटलीबंद करून विकावं. दोन बोटं.

आणि शेवटी धूर. दिवाळीतली एक पणती. तिच्यात नारळाच्या करवंटीचा पेटता तुकडा. त्याच्यावर ग्लास उपडा. ग्लास आतून पांढरा होईस्तोवर थांबायचं, सुलटा करायचा, धूर जाऊ द्यायचा आणि मग त्यात ओतायचं.

इथे आपलं भांडण. मला ते पटलंच नाही कधी. एवढा धूर धरायचा आणि सोडून द्यायचा? एका रविवारी तुला कंपनीचा फोन आला आणि तू आतल्या खोलीत गेलास. मी संधी साधली. आपल्याकडे भरताला देतात तशी धुरी द्यायची ठरवली. तयार जिनच्या काचेच्या जगमध्ये एक वाटी तरंगवली, वाटीत निखारा, निखाऱ्यावर चमचाभर साजूक तूप, वर ताट. फर्मास धूर झाला. वाटी तेवढी हलली.

तू बाहेर आलास, ताट उचललंस. पृष्ठभागावर तुपाचे डोळे तरंगत होते. शोभा वासाने ओढली गेली, दारात येऊन म्हणाली, "अहो, वांगं कुठंय?" तू त्यातला एक घोट घेतलास. माणूस म्हणून तू किती मोठा होतास ते मला तिथे कळलं. ग्लास खाली ठेवून तू म्हणालास, "नाना, याला भागाकार पुरायचा नाही. वजाबाकी लागेल."

मी वाद घातला. म्हटलं, धूर आत राहिला पाहिजे, नाहीतर केलास कशाला? तू म्हणालास, "जाऊ द्यायचा, नाना. राहायचा तेवढा राहतो." मी तुला कंजूष म्हटलं. त्या वादाचा निकाल लागलाच नाही. आपल्याला घाई नव्हती. दुसरी बाटली अजून अर्धी होती.

दुखणं तुझ्या पोटात निघालं आणि तू ते दोन आठवडे आम्हाला सांगितलंच नाहीस. सांगितलंस तेही कसं, तर एखाद्या प्रोजेक्टला उशीर होणार असं सांगावं तसं. मी मोठ्याने बोलायला लागलो. तुला आठवतं, त्या दिवसांत मी किती बोलत होतो? माझ्या ओळखीचा एक वैद्य, ज्याने मेलेला घोडा उठवला. माझ्या दुकानातलं एक गिऱ्हाईक, ज्याला हेच दुखणं होतं आणि तो आता सिंहगड पळत चढतो. तू तीन बोटं, चार बोटं दाखवत राहिलास. नंतर नंतर नुसतं हसायचास.

मग तो दिवस. दवाखान्यात तुझ्या उशाशी मी. बाहेर डॉक्टर माझ्याशी जे बोलले ते मी दारातच सोडून आत आलो होतो. म्हटलं, "डॉक्टर म्हणाले, दिवाळीला घरी. आणि पुढच्या वर्षी आपण दोघं मेक्सिकोला. मंत्र्याला कळवून टाकलंय." तू माझ्याकडे बघितलंस. पांघरुणातून हात बाहेर काढलास. मी बोटांची वाट बघत होतो. तीन चालली असती. दहा चालली असती. दहाने भागूनही माणसाजवळ काहीतरी उरतं.

तू मूठ मिटलीस. तशीच धरलीस. मग नर्स आली.

मी कॅल्क्युलेटर विकून संसार केलेला माणूस आहे. शून्याने भागलं की काय होतं ते मला दाखवायला नको. पडद्यावर एररचा ई उमटतो आणि यंत्र गप्प होतं. पण ते शून्य होतं का, हेमंता? की हातात बोटं उघडण्याइतकं बळच नव्हतं? की तू नुसतंच मला थांब म्हणालास? मी विचारलं नाही. निम्म्या पुण्याला बोलून बेजार करणारा मी, त्या एका मुठीपुढे मला एक प्रश्न विचारता आला नाही. घरी आलो, शोभाला सांगितलं, आज बरा वाटला. तिने विश्वास ठेवला. तेव्हापासूनच लोक विश्वास ठेवायला लागलेत.

आता परवाच्या रविवारचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलो.

दिवस-कार्य उरकून पाहुणे गेले होते. शोभा आणि मी संध्याकाळी तुमच्याकडे गेलो. शोभा स्वयंपाकघरात शिरली. सुनीता कपाटातून बाटली घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर ठेवली. तळाशी पाव बोट मेझ्काल. एका ग्लासापुरती, फार तर.

"भाऊजी," ती म्हणाली, "इतकी वर्षं नुसता वास घेतला. करवंटी जळल्याचा वास आला की कळायचं, रविवार आहे. एकदा चव बघायचीय. तो करायचा तशीच करून द्या."

मी विचारलं, तो असताना कधी का नाही घेतलीस? ती म्हणाली, पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी नको म्हटलं. नंतर वाटायचं, पुन्हा विचारेल. तो दुसऱ्यांदा विचारणारा माणूस नव्हता.

"तुम्हाला येते ना करायला?"

"येते ना म्हणजे? त्याला शिकवली कोणी?"

मी बोललो आणि वाट बघितली. तिने काहीच केलं नाही. "बरं," म्हणाली. बर्फ तिने सकाळीच करून ठेवला होता, पाणी दोनदा उकळून.

हेमंता, खरी पंचाईत इथे झाली. कारण मला ती येत नव्हती. ती कृती मी इतक्या ठिकाणी इतक्या तऱ्हांनी सांगितलीये की खरी कुठली तेच मला माहीत नव्हतं. मेव्हण्याच्या घरी मी बारा झाकणं जिन सांगितली होती. दुकानात आठ. एकदा तर केशर घातलं होतं. खऱ्याचा हिशेब तू ठेवत होतास, म्हणून मी कधी ठेवलाच नाही. आणि बाटलीत एकच ग्लास. बिघडवली तर मेक्सिकोला जाऊन आणणारा कोण होता आता?

वेळ काढायला म्हणून ते औषधाचं झाकण शोधायला लागलो. तुझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. झाकण होतं, पण ते काढायला मला केबलींचा ढीग बाजूला करावा लागला. सगळ्या पाकिटबंद. एकही उघडलेली नाही. प्रत्येकावर माझ्या दुकानाचं स्टिकर.

लोक मोबाइलवरून माल मागवायला लागले आणि माझ्या दुकानात माशाही यायच्या बंद झाल्या, तेव्हा तू शनिवारी यायचास. ऑफिसात लागते म्हणून केबल न्यायचास. आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की अख्खं हिंजवडी माझ्या केबलीवर चालतं. त्या थापेला तू कधीच बोटं दाखवली नाहीस. मला वाटायचं, तुझं लक्ष नसेल.

मी खण लावून टाकला.

मग त्या टेबलाशीच, झाकण हातात धरून उभा राहिलो आणि तुझा हात आठवायला लागलो. थापा मला सगळ्या पाठ होत्या. बोटंही आठवायला लागली. मेव्हण्याकडची बारा झाकणं जिन, तू तीन बोटं दाखवली होतीस. म्हणजे चार. त्याच बैठकीत सहा झाकणं मेझ्काल, चार बोटं. म्हणजे दीड. काकवी दोन चमचे, तीही चार बोटं, अर्धा चमचा. केशराच्या वेळी तू उठूनच गेला होतास, तेव्हा केशर नाही. लिंबाबद्दल मी कधी थाप मारली नव्हती, लिंबात थाप मारण्यासारखं काही नसतं. अर्धं. जिथे जिथे मी फुगवलं होतं तिथे तिथे तुझा हात वर होता. असं मी तुला आकड्याआकड्याने परत गोळा केलं.

बाटली उपडी केली. दीड झाकण भरलं, वर काही थेंब. ते थेंब मी बाटलीतच राहू दिले.

करवंटी पेटवली. पणती तीच, काठावर काळी झालेली. ग्लास उपडा केला. धूर भरत गेला, तो पांढरा झाला. तुपाचा डबा समोर फळीवरच होता आणि शोभा ओट्याशी उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती. मी डब्याला हात लावला नाही. ग्लास सुलटा केला आणि धूर जाऊ दिला. तो सावकाश वर गेला, ट्यूबलाइटपाशी जरा रेंगाळला, मग दिसेनासा झाला. आम्ही तिघंही तो जाईपर्यंत वर बघत होतो. मग मी ओतलं.

सुनीता बाल्कनीत तुझ्या खुर्चीत बसली. पहिल्या घोटाला तिने तोंड वाकडं केलं. दुसऱ्याला केलं नाही. खाली गाड्यांचे हॉर्न, समोरच्या गच्चीत कोणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं इथे तासन्‌तास बसायचात. माझ्याबद्दल काही बोलायचा का तो?"

माझ्या तोंडात तयार होतं, हेमंता. मेक्सिकोच्या मंत्र्याला तू तिचा फोटो दाखवलास, मंत्र्याने तिच्या नावाने तिथे एक बाग केली, सगळं जिभेवर आलेलं. तिला ते आवडलंही असतं. ती रडली असती, तिला बरं वाटलं असतं. पण मी तुझ्या खुर्चीकडे बघितलं तर तिथे तीच बसली होती.

म्हटलं, "बोलायचा नाही फारसा. पण आतून तुझा आवाज आला ना, की बोलता बोलता थांबायचा. तू शोभाशी काही बोलत असायचीस, काहीही, भाजीचं, दुधाचं. ते ऐकायचा. तुझं संपलं की मग पुढे बोलायचा. मला राग यायचा. माझ्या गोष्टी ऐन रंगात आलेल्या असायच्या."

तिने आणखी एक घोट घेतला. ग्लास कठड्यावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता हात वर केला आणि एक बोट दाखवलं. एकच.

ते तसंच धरून ठेवलं तिने. आतून शोभाने दिवा लावला तेव्हा खाली घेतलं. मग ग्लास माझ्याकडे सरकवला. "उरलेली तुमची," म्हणाली आणि आत गेली.

बर्फ जवळजवळ विरघळला होता. घोटभरच होती. मी घेतली.

जमली होती, हेमंता. हवं तर भाग.